सहा दिवस, दोघी जणी आणि एकच स्कर्ट

निघण्याच्या आदल्या दिवशी

स्कर्ट एक, अंगं दोन, दिवस सहा. दोघींनी तोच आलटून पालटून घालायचा आणि एकदा केलेली तऱ्हा पुन्हा करायची नाही, एवढंच ठरलेलं. एकीची उंची 168 सेंमी, कंबर 70. दुसरीची उंची 156, कंबर 80. पुढे उंच आणि बुटकी असंच म्हणू, दोघींचीही हरकत नाही.

स्कर्ट सुती आहे, पातळ कॅम्ब्रिकचा, तीन टप्प्यांचा. वरचा टप्पा 27 सेंमी उंच आणि 140 घेराचा, मधला 28 उंच आणि 210 घेराचा, खालचा 29 आणि 315. म्हणजे प्रत्येक टप्पा वरच्याच्या दीडपट. चुण्या एवढ्याच असल्या की स्कर्ट चालताना डोलतो, पण फुगत नाही. दुपटीचा हिशेब धरला असता तर खालचा घेर 560 वर गेला असता, आणि असा घेर गाठीत, मुठीत, बॅगेत कुठेच मावत नाही. वर 4 सेंमीची कंबरपट्टी. तिच्या नेफ्यात 3 सेंमी रुंद इलॅस्टिक आहे आणि नाडीही. इलॅस्टिक सैल असताना 66, पूर्ण ताणलं की 104. हा शेवटचा आकडा छातीच्या मापापेक्षा मोठा होता म्हणूनच समुद्रावरची तऱ्हा जमली. तुमच्याकडचा एखादा स्कर्ट असा फिरवायचा असेल तर आधी इलॅस्टिक दोन्ही हातांनी ताणा आणि टेपने मोजा. चेन आणि घट्ट पट्टीचा स्कर्ट दिसायला छान असतो, पण यातल्या निम्म्या तऱ्हा त्याला बाद.

लांबी पट्टीसकट 88. उंच मुलीच्या कमरेवर बसला की जमिनीपासून 16 सेंमी वर राहतो, बुटकीच्या कमरेवर जेमतेम 9. हा फरक छोटा वाटतो, पण पायऱ्या लागल्या की कळतो. अस्तर फक्त कमरेपासून 50 सेंमीपर्यंत, म्हणजे गुडघ्याच्या थोडं वर. सगळा मिळून वजन अडीचशे ग्रॅम.

रंग सांगायचे तर कापडाची जमीन, म्हणजे छापामागचा रंग, शेंदरी. तिच्यावर राणी आणि फिरोजी रंगाची मोठी पानं, पानांना गडद निळी बारीक कड, मधूनमधून पांढरे ठिपके. सोबतचे कपडे याच हिशेबाने निवडले: एक पांढरा अंगाबरोबरचा टी-शर्ट, एक गडद निळा बिनबाह्यांचा टॉप, एक राखाडी टॉप, एक काळा आखूड टॉप, एक ढगळ पांढरा सुती शर्ट. शेंदरी टॉप मुद्दाम घेतला नाही. छापाचा मुख्य रंगच वर घातला की वरचं-खालचं एकजीव होतं आणि रात्री झोपताना घालायच्या गाऊनसारखं दिसतं. छापात सगळ्यात कमी जागा अडवणारा जो रंग असेल, इथे निळी कड, तो वर घ्यावा. तो मुद्दाम जुळवल्यासारखा वाटत नाही, तरी जुळतो.

बाकी सामान मुठीत मावेल एवढं: 4 सेंमी रुंद बेल्ट, 90 बाय 90 सेंमीचा चौकोनी स्कार्फ, सहा सेफ्टी पिना, केसांचे कापड चढवलेले चार रबर, चार सपाट नाणी, सुई-दोरा, गुडघ्यापर्यंतची एक तंग शॉर्ट.

निघण्याआधी रंगाची परीक्षा घेतली. पांढरा रुमाल ओला करून स्कर्टच्या आतल्या शिवणीवर वीस वेळा घासायचा. रुमालावर राणी रंगाची फिकट छटा आली, म्हणून स्कर्ट तीनदा वेगळा धुतला. तिसऱ्या पाण्याला रुमाल कोरा. ही परीक्षा न घेता पांढरा टी-शर्ट त्यात खोचला असता, तर पहिल्याच घामाला टी-शर्टच्या खालच्या चार बोटांवर गुलाबी पट्टा उमटला असता.

घडी घातलीच नाही. एकीने कंबरपट्टी धरली, दुसरीने खालची कड. स्कर्ट लांबीत दुमडून दोन्हीकडून उलटसुलट पीळ दिला. पीळ पुरेसा झाला की दोरी आपोआप वेटोळं घालते. त्या वेटोळ्यावर एक रबर. चुण्यांच्या सुती स्कर्टला हे बरं, कारण उभ्या बारीक सुरकुत्या चुण्यांमध्ये खपून जातात. साध्या कळीदार स्कर्टला असा पीळ देऊ नका, त्यावर त्या सुरकुत्या चुरगळल्यासारख्या दिसतात.

पहिला दिवस: नऊ तास बसून

स्कर्ट उंच मुलीकडे. वर पांढरा टी-शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. प्रवासात नजर टॉपकडे जाते, पण गोची खाली असते.

टी-शर्ट सगळा आत खोचला की इलॅस्टिकच्या चुण्या आणि टी-शर्टची दुमड मिळून कमरेभोवती दोरखंड गुंडाळल्यासारखा फुगवटा येतो. फक्त पुढचा, बेंबीपाशी चार बोटं रुंद भाग खोचायचा आणि मागचा सोडायचा, हा नेहमीचा उपाय. पण टी-शर्ट लांब असेल तर मागचा भाग बुडाखाली येतो आणि पाय आखूड दिसतात. त्यापेक्षा टी-शर्टची खालची कड आतून वर दुमडून छातीवरच्या अंतर्वस्त्राच्या पट्टीखाली सारायची. टी-शर्ट बरोबर कमरेवर संपतो, खोचणी नाही, फुगवटा नाही. नऊ तासांत दोनदा सुटला, दोन्ही वेळा वरच्या फळीवरून बॅग काढताना. हात डोक्यावर न्यायचे असतील तर आधी एक हात कडेवर ठेवा.

बसताना स्कर्ट मागून दोन्ही तळहातांनी खाली सारत बसायचं. तसंच बसलं तर मधल्या टप्प्याची शिवण मांडीखाली आडवी दबते आणि उतरताना मागे आडवी घडी दिसते, ती दिवसभर जात नाही. उभी सुरकुती चालते, आडवी नाही.

सरकत्या जिन्यावर आणि चाकांच्या बॅगेपाशी मात्र खरी काळजी. जिन्याच्या पायरी आणि बाजूच्या भिंतीतली फट कापडाचं टोक ओढून घेते, आणि तीन मीटरहून मोठ्या घेराला टोकांची कमी नसते. म्हणून स्टेशनात शिरण्याआधीच डाव्या बाजूला गाठ घेतली. खरी गाठ नव्हे. बाजूच्या शिवणीपाशी खालच्या कडेपासून 30 सेंमी वर कापड मुठीत धरायचं, दोन पीळ द्यायचे, वरून रबर तीनदा फिरवायचा आणि उरलेली शेपटी आत ढकलायची. बाहेरून फक्त एक छोटा गोळा दिसतो आणि ती बाजू वीसेक सेंमी वर जाते. कापडाचीच गाठ मारली तर दोन तासांत तिथे घट्ट घडी पडते आणि पातळ कॅम्ब्रिकचे धागे तिरके ओढले जातात. ती जागा इस्त्रीलाही पुरती दाद देत नाही.

गाठ बाजूला घ्यायची, पुढे नाही. पुढे घेतली की प्रत्येक पावलाला गुडघ्यावर आपटते.

दुसरा दिवस: समुद्र

आज स्कर्ट बुटकीकडे, आणि स्कर्ट म्हणून नाहीच. कंबरपट्टी काखेपर्यंत वर ओढली की तोच झगा होतो. 156 उंचीला कड पोटरीच्या मध्यावर येते. उंच मुलीला गुडघ्याच्या जरा खाली आली असती, तेही वाईट नाही.

स्कर्ट पायातून नव्हे, डोक्यावरून घाला. नाडी समोर मध्यावर आणा, ताणून बेताची गाठ मारा. मग बेल्ट. वरच्या आणि मधल्या टप्प्याचा जोड आता कमरेखाली दहा-अकरा सेंमीवर आलेला असतो. पुष्कळ जणी जोड दिसतो म्हणून बेल्ट तिथेच बांधतात, आणि मग धड लांबच लांब दिसतं. बेल्ट कमरेवरच, जोडाच्या वर.

हा बेल्ट शोभेचा नाही. छातीवरच्या इलॅस्टिकवर अडीचशे ग्रॅमचं वजन दिवसभर लटकतं, त्यात घाम आणि सनस्क्रीनने त्वचा निसरडी. नुसत्या इलॅस्टिकवर ठेवलेला झगा वीस-पंचवीस पावलांना एकदा वर ओढावा लागतो. बेल्ट कमरेवर आवळला की खालच्या दोन टप्प्यांचं वजन कंबर पेलते आणि वरच्या इलॅस्टिकला फक्त वरचा टप्पा सांभाळायचा राहतो. तरीही भरवसा नसेल तर स्कार्फ. 90 सेंमीचा चौकोन कर्णावर दुमडून गुंडाळला की जवळपास 127 सेंमीची पट्टी होते. तिचा मध्य नाडीच्या गाठीखालून घ्यायचा आणि दोन्ही टोकं मानेमागे बांधायची. गाठ मणक्यावर नको, थोडी बाजूला. मणक्यावरची गाठ खुर्चीला टेकलं की टोचते.

एक गोष्ट उशिरा लक्षात आली. अस्तर कंबरपट्टीपासून 50 सेंमीच आहे. पट्टी काखेपर्यंत गेली की अस्तरही वर जातं आणि मांड्यांच्या सुरुवातीलाच संपतं. सावलीत काही कळत नाही, पण ऊन पाठीमागून आलं की पायांची आकृती कापडातून स्वच्छ दिसते. म्हणून आत तंग शॉर्ट हवीच. तपासायचं असेल तर घरी दिव्याकडे पाठ करून मैत्रिणीला समोर उभं करा. आरशात हे दिसत नाही.

वारा समोरून आला तर कापड पायांना चिकटतं, मागून आला तर वर उडतं. त्यासाठीच ती नाणी. प्रत्येक नाणं कापडाच्या चिंधीत गुंडाळून खालच्या कडेच्या दुमडीत आतून पिनेने अडकवायचं, चार बाजूंना चार. पिन एकेरी कापडातून घेऊ नका. नाण्याच्या झोक्याने एकेरी कॅम्ब्रिक पिनेच्या भोकापासून फाटत जातं, दुमडीतल्या दुहेरी-तिहेरी कापडाला तेवढं होत नाही. नाणी दोनच असली तर कड तिरकी लोंबते, चारांहून जास्त झाली तर ती पोटऱ्यांवर वाजतात.

संध्याकाळी लगेच गोड्या पाण्यातून काढला. खारं पाणी कापडात वाळलं की मीठ राहतं, कापड कडक होतं आणि हवेतला दमटपणा धरून ठेवतं.

सनस्क्रीनबद्दल स्वतंत्र सांगायला हवं. अव्होबेन्झोन हे ऊन अडवणारं रसायन असलेलं सनस्क्रीन कपड्याला लागलं आणि तो कपडा लोह असलेल्या जड पाण्यात धुतला, तर गंजासारखे नारिंगी डाग उठतात. लावताना काहीच दिसत नाही, धुतल्यावर दिसतात. शेंदरी स्कर्टवर ते लपले, पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर नाही. माणूस अशा वेळी ब्लीच उचलतो. तीच चूक, कारण क्लोरीनच्या ब्लीचने हे डाग आणखी गडद होतात. गंजाच्या डागाला लागते तशी आंबट वस्तू हवी. अर्धा लिटर कोमट पाण्यात चमचाभर सायट्रिक अ‍ॅसिड, त्यात अर्धा तास कॉलर, मग साबण. रंगीत कापडावर आधी आतल्या बाजूला थेंब टाकून बघा. आणि यापुढे सनस्क्रीन लावून दहा मिनिटं थांबा, मग कपडे घाला.

तिसरा दिवस: सायकल, मग पायऱ्या

स्कर्ट पुन्हा उंच मुलीकडे, वर गडद निळा टॉप. सकाळी सायकल, दुपारी जुन्या किल्ल्याच्या पायऱ्या. घेरदार स्कर्टला दोन्ही नको असलेल्या जागा, पण उपाय मात्र वेगवेगळे.

सायकलला नाण्याची युक्ती. पाय थोडे फाकवून उभं राहायचं. मागच्या कापडाचा मध्य, कडेपासून साधारण 15 सेंमी वरचा, पायांमधून पुढे आणायचा. नाणं मागच्या कापडाच्या मागे धरून पुढे दाबायचं, म्हणजे मागचं आणि पुढचं अशी दोन्ही कापडं नाण्यावर चढतात. समोर दिसणाऱ्या त्या उंचवट्यावर रबर तीनदा फिरवायचा. झाली सैल विजार. मांडी पसरायला मोकळी, कड चाकापासून लांब. साधा उघडा रबर वापरलात तर काढताना कापडाचे धागे ओढले जातात, म्हणून केसांचा कापड चढवलेला. नाणं कडेच्या फार जवळ घेतलं तर बाजूची कापडं दोन्हीकडे लोंबतात आणि साखळीकडची बाजू काळी होते. फार वर घेतलं तर सीटवर बसताच ताण येऊन रबर उडतो. गुडघ्याच्या किंचित खाली, हीच जागा. उतरल्यावर रबर काढा. तिथे पडलेली गोल चुरगळ ओल्या हाताने दोनदा खाली ओढली की बसते.

पायऱ्यांना कासोटा. ही युक्ती शब्दांत अवघड आणि हाताला सोपी आहे, म्हणून सावकाश सांगते. मागच्या कडेचा मधला भाग, दोन वीत रुंद, दोन्ही हातांत धरा. हातांतल्या हातांत त्याच्या चार-पाच चुण्या घाला, पंख्यासारख्या. हा पंखा पायांमधून पुढे घ्या आणि वर ओढून कंबरपट्टीच्या आत समोरून खोचा. मागच्या कमरेपासून पायांमधून पुढच्या कमरेपर्यंतच्या वाटेला साधारण 70 सेंमी कापड लागतं. आपल्याकडे 88 आहे, त्यामुळे उरलेलं 18 सैल राहतं आणि तेच बसताना, पायरी चढताना उपयोगी पडतं. सगळं ताणून घट्ट खोचलं तर पहिल्या उंच पायरीलाच सुटतं.

पुढचं कापड या वेळी पायांवर झालरीसारखं पडलेलं असतं. ते मधोमध दुभागून दोन्ही मांड्यांवरून बाजूला सारायचं. नाही सारलं तर पुढे एप्रन बांधल्यासारखं दिसतं. नुसत्या इलॅस्टिकवर हा कासोटा टिकत नाही, कारण इलॅस्टिक ओढलं की ताणतं. नाडी घट्ट बांधून मग खोचा, आणि खोचलेल्या पंख्यातून आतल्या बाजूने एक आडवी पिन कंबरपट्टीला. उभी पिन टोचते.

घट्ट स्कर्टला यातलं काही जमत नाही. खालचा घेर अडीच मीटरच्या आत असेल तर प्रयत्नही करू नका, पाऊल अडतं.

उतरताना मात्र कासोटा आधीच सोडलेला होता आणि पाय खालच्या टप्प्यावर पडला. "थांब, हलू नकोस," मागून आवाज आला, पण तोवर जोडाची टीप सहा सेंमी उसवली होती. त्याचं पुढे.

चौथा दिवस: पाऊस आणि धुणं

दिवसभर पाऊस, त्यामुळे आज स्कर्ट बादलीत. दोघी ट्राउझरमध्ये.

बादलीत मीठ किंवा व्हिनेगर टाकलं की रंग पक्का होतो, असं फार जण सांगतात. सुती कापडावरचे हल्लीचे भडक रंग बहुधा रिअ‍ॅक्टिव्ह जातीचे असतात. ते 1956 साली बाजारात आले. हा रंग सुताच्या धाग्याशी रासायनिक बंधाने जोडला जातो. रंगवताना मीठ लागतं ते रंग पाण्यातून धाग्याकडे ढकलायला, आणि पक्केपणा येतो तो अल्कधर्मी पाण्यात. जो रंग जोडला गेलाच नाही तोच पुढे पाण्यात उतरतो. त्याला तयार कपड्यावर मीठ टाकून जोडता येत नाही, तो धुऊन काढणं एवढाच मार्ग. व्हिनेगरचा वासच काय तो राहतो. तीन-चार धुण्यांनंतरही पाणी तसंच रंगीत येत असेल तर तो स्कर्ट कायम वेगळा धुवा आणि पांढऱ्याशी त्याची मैत्री लावू नका.

थंड पाणी, थोडा द्रव साबण, दहा मिनिटं. भिजत घालून विसरायचं नाही, कारण सुटलेला रंग पाण्यात फिरून पांढऱ्या ठिपक्यांवर बसतो. शेवटचं पाणी निर्मळ येईपर्यंत खळबळायचं.

सुती धागा ओला झाला की उलट बळकट होतो, त्यामुळे पिळायला हरकत नाही. हाच स्कर्ट रेयॉनचा असता तर पिळायची हिंमत केली नसती. रेयॉनची ताकद ओलं असताना जवळपास निम्म्यावर येते, आणि मग टप्प्यांच्या जोडापाशी चुण्या फाटतात.

पावसात वाळवायचं म्हणजे टॉवेल. कोरडा टॉवेल पसरा, त्यावर उलटा केलेला स्कर्ट, दोन्ही मिळून घट्ट गुंडाळी करा आणि तिच्यावर पावलांनी उभं राहा. दुसऱ्या कोरड्या टॉवेलने पुन्हा एकदा. नंतर कंबरपट्टीला चिमटे लावायचे, दोन नव्हे सहा. दोनच चिमटे लावले तर ओल्या कापडाच्या वजनाने पट्टी मधे झोळीसारखी लोंबते आणि इलॅस्टिक एका जागी ताणून बसतं. सगळ्यात शेवटी वाळतात ते टप्प्यांचे जोड आणि नेफा, तिथे कापडाचे थरच जास्त. निजायच्या आधी या जागा टॉवेलमध्ये धरून पुन्हा दाबल्या आणि स्कर्ट पंख्याखाली टांगला. सकाळी नेफा किंचित गार लागत होता, बाकी कोरडा. ओल्या नेफ्यावर गरम इस्त्री फिरवायचा मोह आवरा, उष्णतेने इलॅस्टिकचा ताण जातो.

पाचवा दिवस: सकाळी एकीचा, संध्याकाळी दुसरीचा

सकाळी संग्रहालय, स्कर्ट बुटकीकडे. आज तिने तो पहिल्यांदाच कमरेवर घातला, आणि कड जमिनीपासून 9 सेंमीवर आली. सपाट सॅंडलवर हा स्कर्ट ओघळल्यासारखा वाटतो. कंबरपट्टी बाहेरच्या बाजूने एकदा गुंडाळली की लांबी 4 सेंमीने कमी, दोनदा गुंडाळली की 8. दोनदा गुंडाळल्यावर कड 17 सेंमीवर गेली, म्हणजे उंच मुलीला बसतो तसाच बसला. पण आता कमरेवर पट्टी आणि कापड मिळून तीन थर, आणि ते झाकायला वरचा टॉप खोचून चालत नाही. त्यामुळे राखाडी टॉप बाहेर, पण आखूड, कमरेखाली चार बोटांवर संपणारा.

"अगं, हा राखाडीच आहे ना? निळा का दिसतोय?"

राखाडीच होता. भडक शेंदरीशेजारी ठेवलेला राखाडी डोळ्याला निळसर भासतो. शेजारचे रंग एकमेकांना असे ढकलतात, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजीन शेव्हरल यांनी 1839 साली सविस्तर मांडलं. ते पॅरिसच्या गोबलां विणकामशाळेत रंगविभाग सांभाळत. काळी लोकर फिकी निघते अशा तक्रारी तिथे येत होत्या. दोष काळ्या रंगात नव्हता, त्याच्या शेजारी विणलेल्या रंगांमध्ये होता. कपडे जुळवताना हे फार कामाचं आहे. टॉप कपाटात कसा दिसतो याला अर्थ नाही, तो स्कर्टला टेकवून बघावा लागतो. शुभ्र पांढरा या शेंदरीजवळ आणखी थंड दिसतो, आणि पिवळट पांढरा छापातल्या शुभ्र ठिपक्यांशेजारी मळका. राखाडीचा निळेपणा मात्र आम्हाला आवडला. छापातली निळी कड त्याने उठून आली.

संग्रहालयात एसीचा गारवा होता म्हणून पांढरा शर्ट वरून, बटणं उघडी. हे फसलं. शर्टाची कड कमरेखाली तेवीस सेंमीवर, आणि वरचा-मधला टप्पा जोडणारी शिवणही नेमकी तिथेच. दोन आडव्या रेषा एकावर एक आल्या की शरीराची सगळ्यात रुंद जागा अधोरेखित होते. शर्टाची खालची तीन बटणं सोडली, दोन्ही टोकं पुढे आणून कंबरपट्टीच्या खालच्या कडेवर गाठ मारली आणि गाठ मध्यापासून तीन बोटं डावीकडे सरकवली. मध्यावरची गाठ धड दुभागते. शिवाय शर्टाने गुंडाळलेली पट्टीही झाकली. वरचा भाग एक हिस्सा आणि खालचा दोन हिस्से, असं प्रमाण डोळ्याला बरं वाटतं, आणि बुटक्या बांध्याला तर फारच.

दुपारी खोलीवर स्कर्ट हातोहात गेला. संध्याकाळी उंच मुलीवर काळा आखूड टॉप आणि बेल्ट. बेल्ट इलॅस्टिकवर बांधला की खालच्या चुण्या त्याच्या कडेने गोळ्यांसारख्या बाहेर येतात. इलॅस्टिकच्या एक सेंमी वर, टॉपवर बांधला की बेल्ट सपाट बसतो आणि पट्टीही लपते. बेल्ट बांधल्यावर दोन्ही हात वर करून एकदा ताणून घ्यायचं, टॉप जेवढा सुटायचा तेवढा सुटतो आणि पुढे रात्रभर तिथेच राहतो. नाडीची टोकं आत, नाहीतर बेल्टखालून शेपटासारखी डोकावतात.

उन्हात सगळे रंग भांडत असतात, संध्याकाळी त्यांची पांगापांग होते. सूर्य गेल्यावर आणि दिवे लागण्याआधी शेंदरी आणि राणी आधी काळवंडतात, फिरोजी उजळ राहतो. पिवळसर दिवे लागले की उलट: शेंदरी पेटतो, फिरोजी मंद होतो आणि गडद निळी कड काळी वाटते. दिव्याखाली म्हणून काळा टॉप निळ्यापेक्षा बरा. निळा टॉप तिथे धड निळा दिसत नाही, धड काळा नाही. कानात फिरोजी काही घालायचं असेल तर ते उन्हासाठी ठेवा.

सहावा दिवस: परतीची वाट

परतताना डबा गार पडला होता. कंबरपट्टी डोक्यावरून खांद्यांवर आणली की स्कर्टचा झूल होतो, हात आत, कड गुडघ्यांपर्यंत. उब मिळते. चहाचा कप धरायचा झाला की अख्खा झूल वर उचलावा लागतो, त्यामुळे ही तऱ्हा झोपणाऱ्या माणसासाठी. दोघींनी अर्धा अर्धा प्रवास वापरली.

उसवलेले सहा सेंमी गाडीतच शिवले. आधी उसवलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना एकेक सेंमी टीप पक्की करून घ्यायची, नाहीतर उसवण पुढे सरकत राहते. मग दुहेरी दोऱ्याने खालच्या टप्प्याच्या कडेला दोन-तीन मिलिमीटरचा धावदोरा. तो ओढून नऊ सेंमी कापड वरच्या सहा सेंमीत बसवायचं, दीडपटीचा तोच हिशेब. चुण्या बोटांनी सारख्या करायच्या आणि मगच वरच्या टप्प्याला उलट टाक्याने जोडायचं. धावदोऱ्याशिवाय थेट जोडायला गेलं तर सगळं जादा कापड शेवटी एका ढिगात साचतं आणि ती जागा कायम ओळखू येते. दोरा शेंदरीचा नेमका रंग मिळेना. फिका आणि गडद यांत निवडायचं झालं तर गडद घ्या. गडद दोरा चुणीच्या सावलीत मुरतो, फिका चमकतो.

शिवताना नाडीचं एक टोक नेफ्यात गेलं. सेफ्टी पिन बंद करून दुसऱ्या टोकाला अडकवली, नाडी पूर्ण बाहेर ओढली, पुन्हा ओवली, आणि या वेळी दोन्ही टोकांना गाठी मारल्या.